माणसाच्या शोधात इरावतीबाई

रविवार उजाडला, की छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. घृष्णेश्वराचे दर्शन, मग कैलास लेणे, वाटेत खुलताबादचा भद्रा मारुती आणि वेळ उरला तर दौलताबादचा किल्ला, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा बेत. सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिरले, की बोलका माणूसही क्षणभर गप्प होतो. सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असा डोंगराचा भाग वरून खाली कोरत आणून त्यातून अख्खे देऊळ बाहेर काढले आहे, हे डोळ्यांना दिसत असूनही मनाला पटत नाही. अलीकडे मात्र या स्तब्धतेपाठोपाठ हमखास एक शेरा कानावर येतो. हे माणसाचे काम नव्हे, परग्रहावरून आलेल्या कोणीतरी ते केले असणार, असा. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांनी आणि आता हातातल्या फोनवरच्या चित्रफितींनी हा शेरा घराघरांत पोचवला आहे. त्याचे मूळ जुने आहे. १९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेन या स्विस लेखकाने जगातल्या प्राचीन वास्तूंचा संबंध परग्रहवासीयांशी जोडणारे पुस्तक लिहिले, ते प्रचंड खपले आणि तेव्हापासून या कल्पनेची दुकानदारी थांबलेली नाही.

खरे तर लेणे स्वतःच उत्तर देते. भिंतींवर छिन्नीचे घाव आहेत. वेरूळच्या डोंगरात अर्धवट सोडलेली कामे आहेत आणि काम कोणत्या क्रमाने चालत असे ते त्यांवरून समजते. बडोद्याला सापडलेल्या इ.स. ८१२-१३ च्या राष्ट्रकूट ताम्रपटात कृष्णराजाने एलापूर येथे उभारलेल्या देवळाचे वर्णन आहे. ते पाहून देव तर थक्क झालेच, पण ते घडवणाऱ्या शिल्प्यालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटले, अशा अर्थाचे कौतुक त्यात आहे. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त तर एक गोडशी दंतकथा आहे. देवळाचा कळस पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही, असा नवस राणीने केला. बाकीच्या कारागिरांनी हात टेकले. तेव्हा पैठणच्या कोकसाने कळसापासूनच कामाला सुरुवात केली आणि आठवड्याभरात राणीला कळस दाखवला. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण दंतकथेनेही श्रेय दिले ते पैठणच्या कारागिराला, आकाशातून उतरलेल्या कोणाला नाही.

हा नुसता करमणुकीचा प्रश्न असता, तर सोडून देता आला असता. पण या कल्पनेत एक अविश्वास दडलेला आहे. युरोपातल्या भव्य चर्चवास्तू पाहून परग्रहवासीयांची आठवण फारशी कोणाला होत नाही. ती होते इजिप्तमध्ये, मेक्सिकोत, वेरूळला. म्हणजे अमुक माणसांना अमुक गोष्ट जमणारच नाही, हे आधी ठरवायचे आणि मग पुरावा शोधायला निघायचे. हा रोग जुना आहे आणि एके काळी तो विद्यापीठांतून, प्रयोगशाळांतून, विज्ञानाचा पांढरा डगला घालून वावरत होता. त्या प्रयोगशाळेत जाऊन, हातात कवटी आणि मोजपट्टी घेऊन, आलेला आकडा जसाच्या तसा सांगणारी एक मराठी स्त्री होती. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे या मात्र मराठी घरांत तितक्याशा ओळखीच्या नाहीत.

ब्रह्मदेशातील नदीचे नाव

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात, म्यिंजान या गावी झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या व्यवसायातील एका कंपनीत अभियंता होते. त्या देशाची जीवनदायिनी जी इरावती नदी, तिचेच नाव मुलीला ठेवले गेले. मुलीने चांगले शिकावे म्हणून वयाच्या सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात पाठवण्यात आले. आईवडील समुद्रापलीकडे आणि लेक पुण्यात, असे ते बालपण.

हुजूरपागेत शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीतून इरावतीला एक दुसरे घर मिळाले. शकुंतलाबाईंचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसनचे प्राचार्य. बुद्धिवादी, स्पष्टवक्ते आणि निरीश्वरवादी म्हणून गाजलेले गृहस्थ. त्या घरात पुस्तकांची आणि वादविवादाची चैन होती. कोणतीही गोष्ट केवळ मोठ्यांनी सांगितली म्हणून मान्य करायची नाही, हे वळण तिथे लागले. याच घरी येणाऱ्या न्यायाधीश बालकराम यांच्यामुळे मानवशास्त्र या विषयाची गोडी लागली, असे सांगितले जाते.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ मध्ये त्या बी.ए. झाल्या. पुढे मुंबईला डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली अभ्यास करून १९२८ मध्ये एम.ए.ची पदवी मिळवली. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे त्यांची स्वतःचीच जात. दरम्यान महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासर असे, की स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात त्याचे नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहिले जाते. तरीही सुनेने उच्च शिक्षणासाठी जर्मनीला जावे, हे खुद्द अण्णासाहेबांना पसंत नव्हते. दिनकरराव मात्र ठाम राहिले. ते स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या अखेरीस तेवीस वर्षांची ही तरुणी बर्लिनच्या वाटेला लागली.

बर्लिनमधील कवट्या

बर्लिनच्या डालेम या भागात आदल्याच वर्षी, १९२७ मध्ये, एक संस्था स्थापन झाली होती. कैसर विल्हेल्म मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन संस्था, असे तिचे लांबलचक नाव. प्रमुख होते ऑयगेन फिशर. त्या काळातले हे मोठे प्रस्थ. १९०८ मध्ये त्यांनी आजच्या नामिबियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, मिश्र वंशाच्या लोकांची मोजमापे घेतली होती आणि त्यावर १९१३ मध्ये पुस्तक लिहिले होते. त्याच भूमीवर १९०४ ते १९०८ या काळात हेरेरो आणि नामा लोकांचा जर्मन सैन्याने संहार केला होता. वसाहतींतून आलेल्या माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी बर्लिनच्या संग्रहांतली कपाटे भरलेली होती. ज्यांची ती हाडे, त्यांना किंवा त्यांच्या आप्तांना कोणी विचारले नव्हते.

इरावतीबाईंना दिलेला विषय होता माणसाच्या कवटीतील असमानता. आपल्या डोक्याची उजवी आणि डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. या विषमतेचा संबंध मेंदूच्या वाढीशी आणि पर्यायाने बुद्धीशी जोडता येईल, गोऱ्या युरोपियनांच्या कवटीत ती एका विशिष्ट प्रकारे आढळेल आणि इतरांच्या कवटीत तशी आढळणार नाही, अशी फिशर यांची धारणा होती. म्हणजे उत्तर तयार होते. विद्यार्थिनीने फक्त मोजून त्यावर शिक्का उमटवायचा होता.

तिने १४९ कवट्या मोजल्या. या मोजण्याला फार चिकाटी लागते. कवटीवरचे ठरावीक बिंदू पकडायचे, एकेक अंतर मिलिमीटरपर्यंत टिपायचे, तेच माप पुन्हा घेऊन पडताळायचे आणि मग गटागटांची तुलना करायची. सगळे झाल्यावर निष्कर्ष निघाला तो असा, की असमानता सर्वच गटांत आहे आणि तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. इरावतीबाईंनी तेच लिहिले. ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून, त्या गुरूच्या आवडत्या कल्पनेला पाठिंबा न देणारा प्रबंध त्यांनी सादर केला. त्या परदेशी होत्या, स्त्री होत्या, गुलाम देशाच्या रहिवासी होत्या आणि कर्ज काढून शिकत होत्या. एखादा आकडा इकडचा तिकडे करून गुरूला खूश करणे किती सोपे होते! तरीही डॉक्टरेट मिळाली आणि ती खऱ्या आकड्यांवर मिळाली.

यातला योगायोग असा, की त्याच सुमारास आफ्रिकेत आणखी एक स्त्री हेच काम करीत होती. आजच्या झिम्बाब्वे देशात दगडी तटबंदीच्या भव्य वास्तूंचे अवशेष आहेत. ते आफ्रिकन लोकांनी बांधलेच नसतील, फिनिशियन किंवा कोणी अरब आले असतील, असे गोरे वसाहतवाले छातीठोकपणे सांगत. १९०५ मध्ये रँडल-मॅकआयव्हर या संशोधकाने आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन या ब्रिटिश विदुषीने तिथे उत्खनन केले. मातीच्या थरांतून मिळालेली भांडी आणि वस्तू पाहून बाईंनी स्पष्ट सांगितले, की हे काम तिथल्याच आफ्रिकन लोकांचे आहे. एक बाई दगड मोजत होती, दुसरी कवट्या मोजत होती. दोघींचे उत्तर एकाच दिशेने जात होते.

बर्लिनचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या संस्थेने नाझींच्या वंशविषयक धोरणांना शास्त्राचा मुलामा पुरवला. पुढे फेरशूअर हे संस्थेचे प्रमुख असताना ऑश्विट्झच्या छळछावणीतून योसेफ मेंगेले तिथे मानवी अवशेष पाठवीत असे. कवटीच्या मापावरून सुरू झालेली गोष्ट छळछावणीपर्यंत गेली. खोट्या विज्ञानाला कोणी हसून सोडून देऊ नये, ते यासाठी.

लांघणजची माणसे

मायदेशी परतल्यावर काही वर्षे इरावतीबाई महिला विद्यापीठात, म्हणजे सासऱ्यांनी स्थापलेल्या आजच्या एसएनडीटीत, प्रशासकीय काम पाहत होत्या. त्यांचे मन त्यात रमणारे नव्हते. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि तिथे त्या समाजशास्त्र व मानवशास्त्र शिकवण्यासाठी रुजू झाल्या. निवृत्तीपर्यंत तेच त्यांचे घर. पुणे विद्यापीठातील मानवशास्त्राच्या विभागाचा पायाही त्यांनीच घातला. १९४७ मध्ये दिल्लीच्या भारतीय विज्ञान परिषदेत मानवशास्त्र विभागाच्या अध्यक्षपदाचा मान त्यांना मिळाला.

डेक्कन कॉलेजात त्यांना सहकारी लाभले ते डॉ. हसमुख सांकलिया. पुढे नेवासे, इनामगाव अशा उत्खननांनी महाराष्ट्राचा इतिहास मागे खेचून नेणारे हेच सांकलिया. १९४० च्या दशकात त्यांनी गुजरातेत, मेहसाणा जिल्ह्यातील लांघणज येथे वाळूच्या टेकाडात उत्खनन केले. बारीक गारगोटीची हत्यारे मिळाली आणि त्यांच्याबरोबर पाय पोटाशी दुमडून पुरलेले मानवी सांगाडेही मिळाले. मध्याश्मयुगातली, शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगणारी ही माणसे. हाडे ओळखणारे कोणीतरी हवे होते. इरावतीबाई छावणीत गेल्या. तिसऱ्या गुजरात मोहिमेचा अहवाल सांकलिया आणि कर्वे या दोघांच्या नावाने १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला.

भांडी आणि हत्यारे माणसाने काय वापरले ते सांगतात. हाडे माणूस कसा जगला ते सांगतात. वय किती, स्त्री की पुरुष, दात कसे झिजले, आजार कोणता होता, पुरताना कोणी काळजी घेतली होती का, हे सारे सांगाड्यावरून वाचता येते. आपल्या शहरापासून नेवासे फार दूर नाही. तिथे प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील घरांच्या जमिनीखाली लहान मुलांचे सांगाडे मिळाले. दोन मातीच्या रांजणांची तोंडे एकमेकांना जोडून त्यांत ती निजवलेली होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या आईला आपले मूल घराबाहेर ठेववले नसेल, असे आजच्या कोणाही आईला वाटून जाईल. पुरातत्त्वाने दिलेल्या अशा एका दृश्यापुढे सगळ्या उडत्या तबकड्या फिक्या पडतात.

इथे एक अवघड गोष्टही सांगितली पाहिजे. नेवासे आणि लांघणज येथील सांगाड्यांचा सविस्तर अभ्यास पुढे ज्यांनी केला, त्यांत झोफी एर्हार्ड्ट या जर्मन विदुषी होत्या. नाझी राजवटीत याच बाई जिप्सी लोकांची वांशिक मोजमापे घेणाऱ्या सरकारी यंत्रणेत काम करीत होत्या. युद्ध संपले, राजवट गेली, पण मोजपट्ट्या त्याच राहिल्या आणि त्या आपल्याही मातीपर्यंत आल्या.

इरावतीबाईंनाही हा वारसा पूर्णपणे टाकता आला नाही. महाराष्ट्रभर फिरून त्यांनी हजारोंची डोकी, नाके, उंच्या मोजल्या. विष्णू दांडेकर यांच्यासमवेत केलेले महाराष्ट्राच्या मानवमितीचे काम १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. जातींचे मूळ शरीराच्या मापांतून शोधता येईल, ही त्या काळाची समजूत त्यांनीही बाळगली होती, आणि आजचे अभ्यासक त्यावर बोट ठेवतात ते योग्यच आहे. १९७२ मध्ये रिचर्ड लेवोंटिन यांनी दाखवून दिले, की माणसामाणसांतले बहुतेक सारे आनुवंशिक वैविध्य, सुमारे ८५ टक्के, एकाच समूहाच्या आत असते. त्यानंतर वंश नावाची पेटी शास्त्रात टिकली नाही.

पण इथेही त्यांचा प्रामाणिकपणा कामी आला. त्यांचे गुरू घुर्ये यांच्या मते एका मूळ समाजाचे तुकडे होत जाती निर्माण झाल्या. इरावतीबाईंची मापे तसे सांगेनात. महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींचा त्यांनी कैलास मल्होत्रा यांच्यासह केलेला तुलनात्मक अभ्यास १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. एकच वर्ण, एकच दर्जा, तरी या पोटजाती एका मुळातून फुटलेल्या दिसत नव्हत्या. वेगवेगळे समूह वेगवेगळ्या वाटांनी येऊन शेजारी शेजारी बसले आणि त्यांच्या गोधडीला आपण हिंदू समाज म्हणतो, असे त्यांनी मांडले. ज्या मोजपट्टीने माणसांना वरखाली लावायचे, तिच्यातून शुद्ध रक्ताच्या अभिमानालाच धक्का बसला.

वारी, बाजार आणि धरण

इरावतीबाईंचे खरे मोठेपण मात्र मोजपट्टी खाली ठेवल्यावर दिसते. त्या माणसांत जाऊन बसत, त्यांच्याबरोबर चालत आणि ऐकत. १९५३ साली आलेल्या त्यांच्या भारतातील नातेव्यवस्थेवरच्या इंग्रजी ग्रंथाने जगाचे लक्ष वेधले. विषय तसा आपल्या ओटीवरचाच. उत्तरेत मुलीला दूरच्या, नात्यात नसलेल्या घरी देतात. दक्षिणेत मामा, मामाची मुलगी अशी जवळची नाती जुळतात. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये उभा, म्हणून आपल्याकडे अनेक जातींत मामेबहीण चालते पण आतेबहीण चालत नाही. आजीच्या तोंडून ऐकलेल्या या नियमांमागे अख्ख्या देशाचा नकाशा आहे, हे त्यांनी दाखवले.

आळंदीच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरला पायी गेल्या आणि 'वाटचाल' हा लेख त्यातून निघाला. ज्या प्रदेशाचे लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या पुढे सर्वतोमुखी झाली. नाथांची पालखी घेऊन पैठणहून निघणाऱ्या मराठवाड्याला ती वेगळी समजावून सांगायला नको. निजामाच्या राज्यात राहूनही हा मुलुख महाराष्ट्राशी कोणत्या धाग्याने बांधलेला होता, ते या एका व्याख्येत येते. पण इरावतीबाई भाबड्या नव्हत्या. एकाच अभंगात रंगणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीनुसार वेगळी बसतात, हेही त्यांनी पाहिले, त्यांना ते सलले आणि त्यांनी ते लिहिले.

पश्चिम खानदेशातील भिल्ल, फलटणसारखे वाढते गाव, आठवडी बाजार, असे त्यांच्या पाहणीचे विषय. बाजारावर शास्त्रीय पुस्तक लिहिण्यासारखे काय आहे, असे कोणाला वाटेल. पण बाजार म्हणजे नुसती देवघेव नव्हे. सोयरिकी तिथे जुळतात, निरोप तिथे पोचतात, पाड्यावरचा आदिवासी आणि गावातला वाणी तिथे समोरासमोर येतात. गाव समजून घ्यायचे तर बाजाराच्या दिवशी जावे, हे त्यांना उमगले होते.

यातले सर्वांत मोलाचे काम कोयनेचे. धरण झाले, वीज आली, महाराष्ट्राचे कारखाने चालू लागले. ज्यांची घरे आणि शेते पाण्याखाली गेली, त्यांचे काय झाले? इरावतीबाई आणि त्यांची कन्या जाई निंबकर यांनी उठवलेल्या कुटुंबांचा माग काढला. कोणाला कुठे जमीन मिळाली, ती कसण्याजोगी होती का, भाऊबंद एकत्र राहिले की पांगले, नव्या गावाने त्यांना आपले मानले का, अशा साध्या प्रश्नांची उत्तरे घरोघर जाऊन गोळा केली. ही पाहणी डेक्कन कॉलेजने १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. नुकसानभरपाईच्या रकमेत न मावणारे नुकसान तिच्यात नोंदले आहे. गाव म्हणजे नुसती घरे नव्हेत. देव, स्मशान, विहीर, सोयरे आणि शेजार मिळून गाव होते, ही गोष्ट सरकारी कागदात कुठे लिहायची?

आपल्याकडे पैठणला जायकवाडीचे भूमिपूजन १९६५ मध्ये झाले आणि १९७६ मध्ये धरणाचे उद्घाटन. नाथसागराने मराठवाड्याला पाणी दिले आणि गोदाकाठची कित्येक गावे पोटात घेतली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. धरणग्रस्तांच्या लढ्यांनी तो आणला, हे खरे. पण उठलेल्या माणसाचे काय होते हे आधी कोणीतरी नीट पाहून लिहिलेले असावे लागते. मानवशास्त्राचा उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर मोठमोठ्या सिद्धान्तांत शोधण्यापेक्षा या पाहणीत शोधावे.

महाभारताकडे पाहण्याची रीत

सामान्य मराठी वाचकाला इरावतीबाई भेटल्या त्या ललित लेखांतून. 'परिपूर्ती'मधला त्याच नावाचा लेख घरोघर वाचला गेला. कोणाची कन्या, कोणाची सून, कोणाची पत्नी अशी आपली ओळख करून दिली जाते, याची त्यात मिस्कील नोंद आहे. शेवटी रस्त्यावरची शाळकरी पोरे आपल्याला वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात, तेव्हा कुठे ही यादी पूर्ण होते! पुण्याच्या रस्त्यांवरून त्या स्कूटर चालवीत जात, तेव्हा लोक वळून पाहत. कुंकू, मंगळसूत्र यांचे बंधन त्यांनी मानले नाही आणि नवऱ्याला त्या नावाने हाक मारीत. हे सगळे बंडाचा आव न आणता. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या लेखिका आणि आनंद कर्वे हे शास्त्रज्ञ, अशी तीन अपत्ये त्या घराने महाराष्ट्राला दिली.

१९६७ मध्ये 'युगान्त' आले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भांडारकर संस्थेने १९१९ पासून हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली होती. शेकडो हस्तलिखिते ताडून, मागाहून घुसलेला मजकूर बाजूला काढून सिद्ध केलेली ही संहिता. इरावतीबाईंनी तिचाच आधार घेतला. ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब होता का, विमाने होती का, असल्या प्रश्नांत त्या अडकल्या नाहीत. खांडववन जाळले तेव्हा आत राहणाऱ्यांचे काय झाले, गांधारीने डोळ्यांवर पट्टी का बांधली, द्रौपदीने भर सभेत विचारलेल्या प्रश्नाचे परिणाम काय झाले, हे प्रश्न त्यांनी विचारले. महाभारतातली माणसे आपल्यासारखीच चुकणारी, लोभी, प्रेमळ आणि हतबल माणसे आहेत, असे मानून लिहिल्यामुळे तो ग्रंथ लहान झाला नाही, उलट आपल्या जवळ आला. पूर्वजांना क्षेपणास्त्रे बहाल केली म्हणजे त्यांचा गौरव होतो, ही समजूत आणि कैलास लेणे परग्रहवासीयांना बहाल करणे, या दोन्ही एकाच घरच्या. एकीत फुगवलेला अभिमान आहे, दुसरीत झाकलेला न्यूनगंड. खरा माणूस दोहोंतही हरवतो.

११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, इरावतीबाईंचे निधन झाले. 'गंगाजल' हा त्यांचा लेखसंग्रह त्यानंतर १९७२ मध्ये निघाला.

त्यांच्या बर्लिनच्या संस्थेची कथा मात्र तिथे संपली नाही. डालेममधील ती इमारत आता एका विद्यापीठाकडे आहे. २०१४ मध्ये जवळच बांधकाम चालू असताना जमिनीतून मानवी हाडे निघाली. मग पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केले आणि हाडांचे हजारो तुकडे मिळाले. वसाहतींतून आणलेली माणसे त्यांत असावीत, कदाचित छळछावण्यांतले बळीही असावेत. आजच्या तंत्राने प्रत्येक तुकड्याचे मूळ शोधायचा प्रयत्न करता आला असता. परंतु ज्यांच्या लोकांवर अन्याय झाला, त्या समाजांच्या प्रतिनिधींशी बोलून असे ठरले, की या माणसांची पुन्हा वांशिक वर्गवारी करायची नाही. मार्च २०२३ मध्ये सर्वांना एकत्र, सन्मानाने दफन करण्यात आले. शंभर वर्षांपूर्वी त्याच गल्लीत एका मराठी मुलीने १४९ कवट्या मोजून काढलेल्या उत्तराचाच मान राखल्यासारखे हे झाले.

पुढच्या रविवारी मुले वेरूळला हट्ट धरतील, तेव्हा त्यांना कैलासाच्या भिंतीवरचे छिन्नीचे घाव जरूर दाखवा आणि पैठणच्या कोकसाची गोष्टही सांगा. यातली दंतकथा कोणती आणि पुरावा कोणता, हे मात्र त्यांचे त्यांना ठरवू द्या.